वाऱ्याकडे पाठ करा, डावा हात पसरा
(आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमातील भाषण)



मागच्या पानकाळ्यात सालेकसा तालुक्यातील एका गावात धानावरील तुडतुड्यांविषयी सभा होती. सभा संपली, चहा झाला, आणि मागे बसलेले एक वयस्क शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, तुडतुडा त समजला. पन मले एक सांगा. पानकाळ्यात वारा मावळतीकडून, नागपूरकडून येते. मंग मोठा पानी दरवेळी उगवतीकडून, रायपूरकडून कसा येते? वारा इकडून अन् पानी तिकडून, हे कसं?" त्यांच्या शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा लगेच म्हणाला, "आबाजी, पृथ्वी फिरते ना, म्हणून ढग मांगं रायते." सगळे हसले. पण आबाजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि मुलाचे उत्तरही अगदीच वाया गेलेले नव्हते. त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, फक्त तो म्हणाला तसा नाही.

आज त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे. हे शाळेतल्या भूगोलाचे काम आहे, शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. उपयोग आहे. कापणीच्या दिवसांत बांधीत पडलेल्या कडप्यांचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. हे मी माझ्याच चुकीवरून शिकलो, म्हणून आधी ती चूक सांगतो.

माझी चूक

नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. ऑक्टोबर महिना, दिवाळी तोंडावर. एका शेतकऱ्याची तीन एकर मध्यम मुदतीची धानाची बांधी कापणीला आली होती. मजूर दुसऱ्या दिवशीचे ठरले होते. आभाळात पातळ पांढुरके ढग होते. त्यांनी मला विचारले, "साहेब, कापू का थांबू?" मी पाहिले, वारा उत्तरेचा होता. मनात म्हटले, ऑक्टोबरात उत्तरेचा वारा म्हणजे थंडीची चाहूल, आभाळ उघडणार. मी सांगितले, "खुशाल कापा."

त्यांनी कापले. तिसऱ्या दिवशी सकाळी रिपरिप सुरू झाली आणि दोन दिवस थांबली नाही. कडपे पाण्यात बसले. पाऊस उघडला तेव्हा लोंब्यांना कोंब फुटलेले होते. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांची घरधनीण मात्र धुऱ्यावर उभी राहून एवढेच म्हणाली, "उभा धान असता त इतका गेला नसता." ते खरे होते.

वाऱ्याची दिशा मी बरोबर पाहिली होती. तिचा अर्थ मात्र अर्धाच लावला होता. उत्तरेचा वारा थंडीचाही असतो आणि पूर्वेकडे आलेल्या वादळी पावसाचाही असतो. तो कोणता, हे ओळखायला वारा कसा वळतो हे समजले पाहिजे.

पृथ्वी फिरते म्हणून ढग मागे राहतो काय?

प्रथम त्या मुलाचे म्हणणे घेऊ. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १६७० किलोमीटर आहे. आपला गोंदिया जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकवीस अंशांच्या आसपास आहे, म्हणून येथे तो ताशी सुमारे १५५० किलोमीटर पडतो. म्हणजे आपले घर, बांधी, बोडी, तलाव हे सगळे इतक्या वेगाने पूर्वेकडे चालले आहे.

ढग जर खरोखर मागे राहत असता तर तो आपल्या डोक्यावरून ताशी १५५० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे जाताना दिसला असता, आणि तेवढ्याच वेगाच्या वाऱ्याने एकही झाड किंवा छप्पर जागेवर राहिले नसते. तसे होत नाही, कारण हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. एसटीच्या गाडीत माशी उडत असते. गाडी धावत असली तरी ती माशी मागच्या काचेवर जाऊन आपटत नाही, कारण गाडीतली हवा आणि माशी दोन्ही गाडीबरोबरच चाललेली असतात. तसेच हे आहे. ढग मागे राहत नाही. ढगाला नेतो तो वाराच.

मग पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध कोठे येतो? ती ढगाला मागे टाकत नाही. ती वाऱ्याला वळण लावते.

वळण कसे लागते?

आता मळणी यंत्रे आली. पण खळ्यात मेढीभोवती बैलांची दावण फिरताना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. मेढीजवळचा बैल सावकाश पाय टाकतो आणि कडेच्या बैलाला जवळजवळ पळावे लागते. फेरा दोघांचा एकच, पण कडेच्याला लांबचा पल्ला गाठायचा असतो. पृथ्वीचेही असेच आहे. विषुववृत्त म्हणजे कडेचा बैल आणि उत्तर ध्रुव म्हणजे मेढ. आपल्याकडून उत्तरेकडे जावे तसतसा जमिनीचा फिरण्याचा वेग कमी होत जातो. विषुववृत्तावर तो ताशी १६७० किलोमीटर, गोंदियाला १५५०, तर श्रीनगरला १३८५ च्या आसपास असतो.

आता समजा, दक्षिणेकडची हवा उत्तरेकडे निघाली. निघताना तिच्या अंगात दक्षिणेकडचा जास्त वेग असतो. उत्तरेला पोचली तर तेथील जमीन तिच्यापेक्षा सावकाश फिरत असते. मग ती हवा पुढे, म्हणजे पूर्वेकडे सरकते. उत्तरेकडे तोंड करून चालणाऱ्याला पूर्व उजव्या हाताला येते. उलट, उत्तरेकडची हवा दक्षिणेकडे आली तर ती मागे, म्हणजे पश्चिमेकडे पडते. दक्षिणेकडे तोंड करणाऱ्याला पश्चिम ही उजव्याच हाताला असते. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या वाऱ्यालाही उजवीकडेच ओढ लागते. म्हणून नियम असा की, पृथ्वीच्या उत्तर अर्ध्या भागात वारा आपल्या उजव्या बाजूस वळतो. दक्षिण अर्ध्या भागात तो डाव्या बाजूस वळतो. फ्रान्समधील कोरिऑलिस नावाच्या शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये या ओढीचे गणित मांडले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले.

आपला मोसमी वारासुद्धा या वळणाचेच लेकरू आहे. तो हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या खाली आग्नेयेकडून निघतो. विषुववृत्त ओलांडले की उजवीकडे वळतो आणि नैऋत्येचा होऊन आपल्याकडे येतो. पृथ्वी फिरत नसती तर 'नैऋत्य मोसमी वारे' हा शब्दच आपल्याला माहीत झाला नसता.

वारा कमी दाबाभोवती का फिरतो?

पाणी उताराकडे वाहते तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते. बांधीतले पाणी फुटले तर सरळ खालच्या बांधीत जाते. हवेचे तसे होत नाही. ती कमी दाबाकडे निघाली की वाटेत उजवीकडे वळू लागते. कमी दाब तिला आत ओढतो, पृथ्वीचे फिरणे तिला उजवीकडे नेते. या ओढाताणीत ती कमी दाबाच्या भोवती, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, फिरत राहते. समुद्रावरील मोठ्या वादळांचे हेच रूप. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या गृहस्थांनी वादळांचा अभ्यास करून १८४८ च्या सुमारास त्यांना 'सायक्लोन' हे नाव दिले. आज साऱ्या जगात चालणारा हा शब्द आपल्याच बंगालच्या उपसागराच्या काठी जन्मला.

मग आबाजींच्या प्रश्नाचे उत्तर काय?

पानकाळ्यात कमी दाबाचा एक लांब पट्टा राजस्थानापासून गंगेच्या खोऱ्यावरून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो. तो आपल्या उत्तरेस असतो. त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूला वारा पश्चिमेचा वाहतो. म्हणून आपल्याला नागपूरकडचा वारा लागतो. हा वारा अरबी समुद्रावरून आलेला असतो, पण सह्याद्री चढताना त्याचे बरेच पाणी कोकणात आणि घाटात सांडते. आपल्यापर्यंत येईतो त्याच्यात सरींपुरते पाणी उरते.

मोठा पाऊस देतो तो बंगालचा उपसागर. पुरीचा किनारा येथून सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर आहे. मुंबईचा किनारा ८०० च्या वर आहे. उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की ते ओडिशा, छत्तीसगड अशा वाटेने पश्चिम-वायव्येस सरकते. हे सरकणे म्हणजे जमिनीलगतच्या वाऱ्याबरोबर वाहत जाणे नव्हे. त्याला ढकलतो तो वरच्या थरातला पूर्वेचा वारा. शिवाय वळण लावणारी ओढ उत्तरेकडे वाढत जाते, त्यामुळे अशा मोठ्या भोवऱ्याला आपोआपच पश्चिमेकडे आणि थोडे उत्तरेकडे सरकण्याचा कल असतो.

तर आबाजी, वारा नागपूरकडून आणि पाऊस रायपूरकडून, हे दोन्ही तुम्ही बरोबर पाहिलेत. एकेक ढग वाहतो तो आपल्या थरातल्या वाऱ्याबरोबर. पण पावसाचे सारे क्षेत्र सरकते ते त्या मोठ्या भोवऱ्याबरोबर. नदीत भोवरा फिरतो तेव्हा त्यातली काडी गोल फिरत असते आणि भोवरा स्वतः पुढे चाललेला असतो. काडी म्हणजे ढग.

जुलै-ऑगस्टात आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. खालचे काळे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात, आणि त्यांच्या फटीतून दिसणारे फार उंचावरचे तंतूंसारखे पांढरे ढग नेमके उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असतात. डोळ्यांचा भ्रम नाही हा. पावसाळ्यात बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोराचा वारा वाहतो. आपल्या हवामान खात्यातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या वाऱ्याचे वर्णन जगापुढे मांडले.

डाव्या हाताचा नियम

नेदरलँड्समधील बाईज बॅलट या शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक सोपा नियम सांगितला. जुने दर्यावर्दी त्यावर जहाजे हाकीत. आपल्या धुऱ्यावरही तो चालतो. नियम असा:

वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पाठ करून उभे राहा आणि डावा हात सरळ बाजूला पसरा. कमी दाबाचे क्षेत्र त्या हाताच्या दिशेला आहे.

दिशा पाहताना घराजवळच्या धुरावर विसंबू नका. घरे, आंब्याची झाडे, टेकड्या यांना घासून खालचा वारा वाकतो आणि थोडा आत वळतो. सर्वांत खालचे ढग कोठून कोठे जातात ते पाहावे. एखाद्या उंच बांबूच्या टोकाशी किंवा छपराच्या कोपऱ्याशी नजर लावून दोन-चार मिनिटे स्थिर उभे राहिले की ढगाची चाल कळते. ढग नसतील आणि खालचाच वारा पाहायचा असेल तर डावा हात किंचित पुढे धरावा, म्हणजे अंदाज बरोबर येतो.

आपल्या जिल्ह्यापुरता त्याचा अर्थ असा लावावा:

१. वारा ईशान्येचा असेल तर कमी दाब आग्नेयेस, म्हणजे बस्तर व आंध्र किनाऱ्याच्या बाजूस आहे.

२. वारा उत्तरेचा असेल तर कमी दाब पूर्वेस, रायपूर-ओडिशाच्या बाजूस आहे.

३. वारा वायव्येचा असेल तर कमी दाब ईशान्येस आहे. जुलै ते सप्टेंबरात ही सर्वांत जपण्याची वेळ. उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाचा सर्वांत जोराचा पाऊस बहुधा त्याच्या नैऋत्य बाजूला पडतो, आणि अशा वेळी त्याच्या नैऋत्येस आपणच असतो.

४. वारा पश्चिमेचा असेल तर कमी दाब उत्तरेस, बालाघाट-जबलपूरच्या बाजूस आहे. आपल्या गावात ऊन असले तरी वैनगंगेच्या काठच्या गावांनी सावध राहावे, कारण या नदीचे पाणी तिकडून येते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील मोठ्या पावसाने वैनगंगेला महापूर आला, तो तिरोडा आणि भंडाऱ्याकडच्या लोकांना विसरता येणार नाही.

५. वारा नैऋत्येचा किंवा दक्षिणेचा झाला तर कमी दाब आपल्याला ओलांडून पुढे गेला. सरी येतील, पण जोर ओसरत जाईल.

एकदा पाहून भागत नाही

सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता, असा दोन वेळा वारा पाहून वहीत लिहावा. दोन-तीन नोंदी झाल्या की पावसाची वाट दिसू लागते.

वारा उत्तरेचा होता, मग वायव्येचा, मग पश्चिमेचा झाला, तर कमी दाब आपल्या उत्तरेकडून जात आहे. वारा उत्तरेचा होता, मग ईशान्येचा, मग पूर्वेचा झाला, तर तो आपल्या दक्षिणेकडून, गडचिरोली-तेलंगणाच्या बाजूने जात आहे. आणि वाऱ्याची दिशा बदलत नाही पण जोर वाढतो आहे, आभाळ दाट होत आहे, तर तो सरळ आपल्याकडेच येत आहे असे समजून कामाला लागावे.

वेळ किती मिळतो? उपसागरातील कमी दाब ओडिशाच्या किनाऱ्यावर चढल्यावर साधारणपणे एक ते दोन दिवसांत आपल्या आसपास पोचतो. पावसाचा घेरा तर त्याच्याही पुढे असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये असेच झाले. ९ तारखेला पुरीजवळ किनारा ओलांडलेल्या तीव्र कमी दाबामुळे दुसऱ्याच दिवशी आपल्या जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला. एवढ्या वेळात बांधीची पार फोडता येते, खताची गोणी आत ठेवता येते, कडपे उचलता येतात.

ऑक्टोबरचा वारा

आता पुन्हा माझ्या चुकीकडे येतो. धानाची कापणी आणि उपसागरातील चक्रीवादळे यांची वेळ दुर्दैवाने एकच असते. फायलिन हे चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ओडिशात गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आले. हुदहुद बरोबर एक वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला आले. मोंथा २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर आले. किनारा जवळपास तोच, पण पुढची वाट वेगळी. फायलिनचा उरलेला भाग झारखंड-बिहारकडे गेला. हुदहुदचा छत्तीसगडमधून उत्तरेकडे, थेट नेपाळच्या डोंगरांपर्यंत गेला. मोंथाचा मात्र तेलंगण आणि दक्षिण छत्तीसगडवरून आपल्या बाजूस सरकला, आणि पूर्व विदर्भात कापणीला आलेल्या धानाचे नुकसान झाले. म्हणून किनाऱ्यावर वादळ आल्याची नुसती बातमी ऐकून घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये. ते कोणत्या वाटेने येते आहे, हे पाहावे.

उत्तरेचा वारा थंडीचा की वादळाचा, हे असे ओळखावे. थंडीचा असेल तर आभाळ निळे व कोरडे असते, पहाटे गारवा व दव पडते, वाळत घातलेले कपडे लवकर वाळतात. वादळाचा असेल तर रात्री गारवा येत नाही, अंग चिकट होते. दक्षिण-पूर्वेकडून उंचावर पातळ पांढरा पडदा वर चढत येतो आणि तास-दोन तासांनी दाट होत जातो. सूर्य-चंद्राला खळे पडते. ते खळे म्हणजे त्या उंच ढगांतील बर्फाच्या बारीक कणांतून आलेला उजेड. त्या वर्षी आभाळातला तो पांढुरका पडदा मी डोळ्यांनी पाहिला होता, पण उत्तरेच्या वाऱ्यावर भरवसा ठेवून त्याच्याकडे काणाडोळा केला. डावा हात पसरला असता तर तो सरळ पूर्वेकडे गेला असता.

नियम कोठे चालत नाही?

हा नियम शेकडो किलोमीटर पसरलेल्या आणि दिवसचे दिवस टिकणाऱ्या वाऱ्याचा आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम फार हळू होतो, त्याला अंतर आणि वेळ लागतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांतील गारपीट, वादळी सरी यांना तो लावू नये. अशा ढगाखालून जो गार झोत येतो तो त्या एका ढगाचा असतो. शेतातली वावटळ तर कोणत्याही दिशेने फिरते. तलावाच्या मोरीत पाण्याचा भोवरा पडतो, त्याचाही पृथ्वीच्या फिरण्याशी संबंध नाही.

आणि एक विनंती हात जोडून करतो. वीज कडाडत असताना वारा पाहायला बांधीत, धुऱ्यावर किंवा झाडाखाली उभे राहू नका. आधी पक्क्या घराचा आसरा घ्या. विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे ॲप घरातील मुलांकडून मोबाईलवर घालून घ्या.

काय करावे?

कापणीच्या वेळी: कमी दाब पूर्वेस किंवा आग्नेयेस आहे, आभाळ चढते आहे, अशी चिन्हे असतील तर दोन दिवस थांबावे. उभे धान पाऊस सोसते, बांधीत पडलेले कडपे सोसत नाहीत. बांधीतील पाणी आधीच काढून टाकावे. कापून झाले असेल तर रात्र पडली तरी भारे बांधून उंच जागी पुंजणे रचावे व ताडपत्री घालावी. कडपे भिजलेच तर ते उचलून धुऱ्यावर पसरावे, उलथापालथ करावी, आणि कोंब येऊ नयेत म्हणून लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ या प्रमाणात द्रावण करून लोंब्यांवर फवारावे.

रोवणीच्या वेळी: वारा वायव्येकडे वळत असेल तर युरिया टाकू नये, तो पाण्याबरोबर वाहून जाईल. बांधीच्या पारी व मुरड्या पाहून घ्याव्या. बोडीचा आणि मामा तलावाचा सांडवा झाडोऱ्याने बुजला असेल तर मोकळा करावा. उलट, वारा पश्चिमेचा राहून आठवडाभर कोरडा गेला तर कमी दाबाचा पट्टा हिमालयाकडे सरकल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी पावसाचा खंड पडतो. बांधीतले पाणी जपून वापरावे आणि पऱ्ह्यांना वाचवावे.

फवारणीच्या वेळी: कमी दाब आपल्याला ओलांडून गेला, वारा दक्षिण-नैऋत्येचा झाला आणि आभाळ फाटू लागले, म्हणजे फवारणीची तयारी करावी. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये.

हे सगळे सांगितले म्हणून हवामान खात्याचा अंदाज ऐकणे सोडू नका. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देते. पिवळा, नारिंगी आणि लाल हे त्यांचे रंग तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्याकडे रडार आहे, उपग्रहाची चित्रे आहेत, तुमच्या-माझ्या डाव्या हातापेक्षा त्यांची नजर लांब जाते. पण अंदाज जिल्ह्याचा असतो आणि बांधी तुमची असते. 'पूर्व विदर्भात पाऊस' असे ऐकल्यावर तो तुमच्या दिशेला सरकतो आहे की बाजूने निघून जातो आहे, हे धुऱ्यावर उभे राहून पडताळता येते. दोन्ही जुळले तर निर्णय पक्का करावा. जुळले नाहीत तर कापणी एक दिवस पुढे ढकलावी. मजुरांचा एक खाडा परवडतो, पण भिजलेला हंगाम परवडत नाही.

ज्यांचे कडपे माझ्या सल्ल्याने भिजले, त्यांच्याकडे मी अजून जातो. मागच्या हंगामात गेलो तेव्हा ते स्वतःच धुऱ्यावर पाठमोरे उभे होते, डावा हात पसरून. मला पाहून म्हणाले, "साहेब, हात रायपूरकडं जाते. आज नाही कापत." त्या रात्री नुसता शिडकावा झाला, आणि दोन दिवसांनी ऊन पडल्यावर त्यांनी धान कापले. थांबल्याने त्यांचे काही गेले नाही.

तुम्हीही आजपासून एक वही करा. तारीख, सकाळचा वारा, संध्याकाळचा वारा, ढगांची चाल आणि पाऊस, एवढ्या पाच गोष्टी लिहा. हंगाम संपल्यावर ती वही घेऊन आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात या, किंवा कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्राने कळवा. तुमच्या नोंदी वाचायला मला आवडेल.

राम राम.